विमान दिसतं, की विमान सांगतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

विमानांवर जमिनीवरून नजर कशी ठेवतात, याविषयी आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. अंतरं नॉटिकल मैलांत आणि उंची फुटांत दिली आहे, कारण कंट्रोलर (जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारा नियंत्रक) आणि वैमानिक त्याच मापांत बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पुढे नुसतं ‘मैल’ म्हटलं असेल तिथे नॉटिकल मैलच समजावा.

रडारच्या लहरी विमानावर आपटून परत येतात, एवढं शाळेत शिकलो. पण परत आलेल्या लहरीवरून फ्लाइट नंबर आणि उंची कशी कळते? — एक वाचक, नाशिक

लहरीवरून ती कळतच नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी जी माहिती दिसते, तिच्यातला बराच भाग रडारने मोजलेला नसतो, विमानाने स्वतः सांगितलेला असतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत हा फरक पुन्हापुन्हा येणार आहे.

विमानतळाजवळची फिरती अँटेना नीट पाहिलीत, तर बहुतेकदा एकावर एक अशा दोन दिसतील. खालची मोठी, वक्र, ती प्रायमरी रडारची. तिच्या डोक्यावर आडवी, सात-आठ मीटर रुंदीची सपाट अँटेना असते, ती सेकंडरी रडारची. दोन्ही एकाच खांबावर, एकाच वेगाने फिरतात. काम मात्र अगदी वेगळं.

प्रायमरी म्हणजे तुम्ही शाळेत शिकलात ते. विमानतळाच्या परिसरासाठी ते साधारण २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर चालतं. लहर एक मैल जाऊन परत यायला १२.३६ मायक्रोसेकंद लागतात. ६० मैलांवरच्या विमानाचा प्रतिध्वनी सुमारे ७४२ मायक्रोसेकंदांनी येतो. वेळेवरून अंतर, अँटेनाच्या रोखावरून दिशा. बस्स, एवढंच. ते विमान कुठलं, किती उंचीवर, याचा पत्ता नाही. शिवाय लहर जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर येतो. विमानतळाचं प्रायमरी रडार साधारण ६० मैलांच्या आसपास थांबतं, ते यामुळे.

सेकंडरी रडार आपटून येणाऱ्या लहरीची वाट पाहत नाही. ते वर्गात हजेरी घेतल्यासारखं विचारतं आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर ‘हजर’ म्हणतो. विचारणा १०३० मेगाहर्ट्झवर, उत्तर १०९० मेगाहर्ट्झवर. विचारणेच्या दोन मुख्य पल्समध्ये (लहरीच्या छोट्या झटक्यांमध्ये) ८ मायक्रोसेकंदांचं अंतर असेल तर प्रश्न ‘तुझा कोड काय?’ आणि २१ मायक्रोसेकंदांचं असेल तर ‘तुझी उंची काय?’ पहिल्याला मोड-ए म्हणतात, दुसऱ्याला मोड-सी. उत्तर विमान स्वतःच्या ताकदीवर पाठवतं. प्रवासी विमानाच्या ट्रान्सपॉन्डरची पल्स १२५ ते ५०० वॅटची असते. लहरीला एकाच दिशेचा प्रवास पेलायचा असल्यामुळे सेकंडरीचा पल्ला २०० ते २५० मैलांपर्यंत जातो.

अंतर मात्र इथेही रडारच मोजतं. ट्रान्सपॉन्डर प्रश्न मिळाल्यावर ठरवून ३ मायक्रोसेकंद थांबतो आणि मग उत्तर देतो. रडार तेवढे वजा करून हिशोब करतं. त्यात अर्ध्या मायक्रोसेकंदाची चूक झाली की विमान ७५ मीटर पुढेमागे दिसतं. एवढी सूट नियमातच धरलेली आहे.

या पद्धतीतला एक जुना उपद्रव सांगण्यासारखा आहे. अँटेनाचा मुख्य झोत अरुंद असला तरी थोडी ऊर्जा बाजूलाही सांडते. जवळचं विमान त्या सांडलेल्या प्रश्नालाही उत्तर देतं आणि पडद्यावर एका ठिपक्याऐवजी गोल कडं उमटतं. म्हणून दोन पल्सच्या मध्ये तिसरी पल्स सर्व दिशांना सोडतात. ती पहिलीपेक्षा जोरात ऐकू आली, तर प्रश्न आपल्याला नाही हे ट्रान्सपॉन्डर ओळखतो आणि गप्प बसतो.

वैमानिक ‘स्क्वॉक’ करतो म्हणजे काय करतो? त्या चार आकड्यांत ८ आणि ९ का नसतात? — एक विद्यार्थिनी, ठाणे

मोड-ए च्या उत्तरात दोन कडेच्या पल्समध्ये, २०.३ मायक्रोसेकंदांत, बारा माहितीच्या पल्स मावतात. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला तीन येतात. तीन पल्सच्या असण्या-नसण्यातून ० ते ७ एवढेच आठ आकडे होतात. ८ आणि ९ला जागाच नाही. एकूण कोड ४०९६.

कंट्रोलर सांगतो, ‘स्क्वॉक अमुक’. वैमानिक तो कोड लावतो. जमिनीवरचा संगणक तो कोड फ्लाइट प्लॅनशी, म्हणजे आधी नोंदवलेल्या उड्डाणाच्या आराखड्याशी जोडतो आणि मगच ठिपक्याशेजारी फ्लाइटचं नाव येतं. म्हणजे एक आकडा चुकला, तर एका विमानाच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव लागू शकतं. तीन कोड राखीव आहेत: ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० आणीबाणी. हे लागले की लेबल रंग बदलतं आणि गजर होतो. जुन्या, बटण फिरवायच्या पेट्यांवर कोड बदलताना ओझरतासुद्धा ७५००वर जायचं नाही, हे शिकाऊ वैमानिकाला पहिल्या धड्यातच सांगतात.

४०९६ कोड साऱ्या जगाच्या वाहतुकीला पुरत नाहीत. दुसरी अडचण त्याहून त्रासाची. दोन विमानं रडारच्या एकाच रोखात असतील आणि अंतरातला फरक साधारण १.६५ मैलांहून कमी असेल, तर त्यांची उत्तरं एकमेकांवर चढतात आणि भलताच कोड वाचला जातो. याला गार्बलिंग म्हणतात. मोड-एस हा त्यावरचा इलाज. त्यात प्रत्येक विमानाला २४ बिटांचा कायमचा पत्ता असतो आणि रडार एकेकाला नावानिशी विचारतं. असे पत्ते १ कोटी ६७ लाखांहून जास्त होतात. भारताच्या वाट्याला षोडशमान पद्धतीतले ८००००० पासूनचे २,६२,१४४ पत्ते आले आहेत. उंचीही १०० ऐवजी २५ फुटांच्या टप्प्यात कळते.

मोड-एस मध्ये फ्लाइटचं नावही विमानच पाठवतं, पण ते वैमानिकाने फ्लाइट प्लॅनप्रमाणे अक्षर न अक्षर भरायचं असतं. इंडिगोचं विमान प्लॅनमध्ये ‘आयजीओ’ या तीन अक्षरांनी नोंदलेलं असतं, तिकिटावरची दोन अक्षरं वेगळी. चुकून तिकिटावरची भरली की जुळणी बसत नाही. विमान विकलं जाऊन नोंदणी बदलली आणि पत्ता बदलायचा राहिला, तर आणखी गोंधळ. एकाच पत्त्याची दोन विमानं एका हद्दीत आली की संगणक त्यातलं एक गाळू शकतो.

आमच्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. मोठा पाऊस, पक्षी, पवनचक्क्या, यांनी रडार फसतं का? — एक वाचक, सातारा

प्रायमरी फसतं. डोंगर आणि इमारती हलत नाहीत, त्यामुळे परत आलेल्या लहरीची वारंवारता बदलत नाही. असे प्रतिध्वनी गाळून फक्त हलत्या वस्तू दाखवायच्या, ही प्रायमरीची मुख्य चाळणी. पवनचक्कीचा खांब गाळला जातो, पण पात्याचं टोक सेकंदाला ७०-८० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर फिरत असतं. चाळणीच्या दृष्टीने ते विमानच. जगात जिथे पवनचक्क्या विमानतळाच्या रडारच्या टप्प्यात आल्या आहेत, तिथे पडद्यावर एकाच जागी लुकलुकणारे ठिपके दिसतात. मग तेवढा तुकडा कोरा ठेवावा लागतो किंवा तिथे नवा ट्रॅक (विमानाच्या मार्गाची नोंद) सुरू करू नये अशी सूचना संगणकाला द्यावी लागते.

याच चाळणीची उलटी बाजूही आहे. विमान रडारभोवती वर्तुळाकार उडत असेल, तर त्याचं अंतर बदलत नाही, वारंवारताही बदलत नाही, आणि उडतं विमान डोंगरासोबत गाळलं जातं. थोड्या वेळाने ते वळलं की पुन्हा उगवतं.

पावसाचं म्हणाल तर दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींना थेंब फारसे अडवत नाहीत, पण मुसळधार सरीचा प्रतिध्वनी पडद्यावर ढगासारखा पसरतो. उपाय म्हणून वर्तुळाकार ध्रुवीकरण वापरतात. गोल थेंबावरून लहर उलट्या फिरकीने परत येते आणि अँटेना ती नाकारते. विमानाच्या वेड्यावाकड्या पृष्ठभागावरून दोन्ही फिरक्या येतात. त्यात विमानाचाही थोडा प्रतिध्वनी हातचा जातो, म्हणून पाऊस नसताना हा मोड बंद ठेवलेला बरा. सेकंडरीला यातलं काहीच फारसं बाधत नाही, कारण पक्षी आणि पवनचक्की उत्तर देत नाहीत.

उन्हाळ्यातली एक गंमत आपल्या किनाऱ्याचीच आहे. समुद्रावर थंड दमट हवेच्या डोक्यावर गरम कोरडी हवा बसली की लहरी दोन्हींच्या मध्ये अडकून पृथ्वीच्या वळणासोबत वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर अशा दिवसांत हजार मैलांपलीकडचा अरबस्तानचा किनारा दिसत असे. आजच्या रडारवर असा लांबचा प्रतिध्वनी पुढची पल्स सुटल्यावर पोहोचतो आणि जवळच्या वस्तूसारखा भासतो. म्हणून पल्समधलं अंतर मुद्दाम थोडं कमीजास्त ठेवतात. खरा ठिपका जागेवर राहतो, खोटा उड्या मारतो.

चरखी दादरीच्या अपघातात रडार होतं, कंट्रोलर होता, तरी टक्कर कशी झाली? — एक निवृत्त शिक्षक, अकोला

१२ नोव्हेंबर १९९६ला दिल्लीच्या पश्चिमेला सौदियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ समोरासमोर आदळली. ३४९ माणसं गेली. निघालेल्या सौदिया विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर. समोरून विमान येतंय, हेही कंट्रोलरने कझाक वैमानिकांना सांगितलं होतं. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं.

तेव्हा दिल्लीत कंट्रोलरसमोर फक्त प्रायमरी रडार होतं. दोन ठिपके जवळ येताना दिसत होते, आणि हजार फुटांचं अंतर राखून एकमेकांवरून जाणारी विमानं पडद्यावर अगदी तशीच दिसतात. उंची कळायचा मार्ग एकच: वैमानिक रेडिओवर सांगेल ती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर दिल्लीत येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, सेकंडरी रडार कामाला लागलं आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारी एसीएएस यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा जमिनीवरच्या कुणालाही न विचारता शेजारच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला १०३० मेगाहर्ट्झवर स्वतःच प्रश्न विचारते आणि वैमानिकाला ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ सांगते. तिचा आदेश आणि कंट्रोलरचा आदेश वेगळा पडला, तर वैमानिकाने यंत्रणेचं ऐकायचं.

आज पडद्यावर उंचीसोबत वर किंवा खाली जाणारा बाण असतो. दिलेली उंची ओलांडली किंवा दोन ट्रॅक काही सेकंदांत फार जवळ येणार असं गणित निघालं, की लेबल लाल होतं.

उंचीचा आकडाही विमानानेच सांगितलेला असतो, हे विसरायचं नाही. ट्रान्सपॉन्डर कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून उंची पाठवतो. मुंबईत पावसाळ्यात प्रत्यक्ष दाब १००३ असेल, तर विमान सांगितलेल्या आकड्यापेक्षा अंदाजे २८० फूट खाली असतं. खालच्या थरात ही दुरुस्ती जमिनीवरचा संगणक करतो. त्यासाठी त्याला ताजा दाब भरलेला हवा. तो जुना राहिला तर पडद्यावरची सगळीच विमानं एकदम चुकतात. वरच्या थरात सगळेच १०१३.२५ धरतात, म्हणून तिथे आपापसातलं अंतर बरोबर राहतं.

मोबाइलच्या ॲपवर आमच्या डोक्यावरून आखाताकडे जाणारी विमानं दिसतात आणि समुद्रात शिरल्यावर काही वेळाने नाहीशी होतात. तेव्हा ती कुणालाच दिसत नसतात का? — एक वाचक, रत्नागिरी

ॲपला न दिसणं आणि कंट्रोलरला न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र दोन्हींच्या मुळाशी पृथ्वीचा गोलावा आहे, तर आधी ते गणित.

विमानाच्या उंचीचं, फुटांत, वर्गमूळ काढा आणि १.२३ ने गुणा: जमिनीलगतच्या अँटेनाला तेवढ्या मैलांपर्यंत ते दिसतं. ३५,००० फुटांवर २३० मैल, १०,००० फुटांवर १२३, हजार फुटांवर जेमतेम ३९. अँटेना डोंगरावर असेल तर तिच्या उंचीची तशीच भर घाला. किनाऱ्यावर कितीही चांगलं रडार लावलं, तरी पुढे अरबी समुद्रात शेकडो मैलांचा पट्टा उरतोच, आणि मुंबईच्या नियंत्रकांची हवाई हद्द तर पलीकडे मस्कतच्या हद्दीला जाऊन भिडते.

तुमचं ॲप रडार वापरत नाही. ते मुख्यतः एडीएस-बी वर चालतं. विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि कुणी न विचारता, १०९० मेगाहर्ट्झवरच, सेकंदाला साधारण दोनदा ती जाहीर करतं. एक संदेश ११२ बिटांचा: त्यात २४ बिटांचा पत्ता, ५६ बिटांचा मजकूर, २४ बिटांची तपासणी आणि उरलेल्या आठांत संदेशाचा प्रकार वगैरे. ॲपवाल्यांचे रिसीव्हर लोकांच्या गच्च्यांवर असतात, समुद्रात नसतात. म्हणून विमान नाहीसं होतं.

‘उपग्रह विमानाचा माग काढतो’ हे वाक्य इथे हमखास येतं आणि ते निम्मं चूक आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून फक्त वेळ आणि स्वतःची कक्षा सांगत असतात. खाली कोण ऐकतंय, याची त्यांना गंधवार्ता नसते.

कंट्रोलर समुद्रावर काय करतो? सर्वांत जुनी रीत म्हणजे प्रोसीजरल कंट्रोल. वैमानिक ठरलेल्या बिंदूवर पोहोचला की एचएफ रेडिओवर वेळ, उंची आणि पुढच्या बिंदूची अपेक्षित वेळ कळवतो. ही माहिती स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदपट्टीवर, लिहिली जाते आणि कंट्रोलर विमानांमध्ये भरपूर मोकळं अंतर ठेवतो: एकामागोमाग दहा-पंधरा मिनिटं, किंवा दिशादर्शन पुरेसं अचूक असेल तर ५० मैल. रडारखाली हेच अंतर मार्गावर ५ मैल आणि विमानतळाजवळ ३ मैलांपर्यंत येतं. एचएफ आयनावरणावरून परावर्तित होऊन लांब जातो खरा, पण खरखर इतकी की आकडे दोन-दोनदा वाचून खात्री करावी लागते.

पुढची पायरी एडीएस-सी. नाव जवळचं असलं तरी हा प्रकार निराळा. जमिनीवरचा संगणक विमानाशी करार करतो: दर अमुक मिनिटांनी जागा कळव, उंची बदललीस किंवा मार्गावरून सरकलास तर लगेच कळव. अहवाल इन्मारसॅट किंवा इरिडियमच्या उपग्रहांवरून जातो. इथे उपग्रह म्हणजे निव्वळ टपाल. सूचना बोलून देण्याऐवजी सीपीडीएलसी या संदेशयंत्रणेवर लिहून पाठवल्या जातात.

तिसरी पायरी म्हणजे एडीएस-बी चा रिसीव्हरच आकाशात नेणं. एरिऑन या कंपनीने इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या दुसऱ्या पिढीवर, ७८० किलोमीटर उंचीवर, असे रिसीव्हर बसवले. विमानाच्या पाठीवरचा ॲन्टेना तेच संदेश वर फेकतो. विमानात नवं काही बसवावं लागत नाही. २०१९च्या एप्रिलपासून उत्तर अटलांटिकवर कॅनडा आणि ब्रिटनच्या नियंत्रकांनी ही माहिती वापरायला सुरुवात केली आणि एकामागोमागच्या विमानांतलं अंतर १४ मैलांपर्यंत आणता आलं. भारताच्या विमानतळ प्राधिकरणानेही मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याच्या सागरी हद्दीसाठी एरिऑनशी करार केला आहे. एक मर्यादा मात्र राहते. विमान दर काही सेकंदांनी दिसलं तरी त्याला वळायला सांगायचं तर त्याच्याशी बोलता यायला हवं. बोलणं एचएफवरच अडकलं असेल, तर अंतर ५ मैलांवर आणता येत नाही.

घराच्या गच्चीवर एडीएस-बी रिसीव्हर लावायचा आहे. काय काय लागतं? — एक अभियांत्रिकी विद्यार्थी, पुणे

आरटीएल-एसडीआर जातीचा यूएसबी डोंगल, रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप, डंप१०९० हा फुकट मिळणारा प्रोग्राम, आणि अँटेना. पैशांपेक्षा लक्ष अँटेनाकडे द्या. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७.५ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ६.९ सेंटिमीटर. तेवढी ताठ तार उभी, आणि तेवढ्याच चार तारा खाली ४५ अंशांत वाकवून कनेक्टरच्या बुडाला डाख द्या. झाली अँटेना.

केबल लांब नको. पातळ आरजी-५८ केबल दहा मीटर घातली, तर सिग्नलचा साधारण तिसरा हिस्साच उरतो. टीव्हीची आरजी-६ यापेक्षा बरी, तिचा इंपिडन्स (विद्युत अवरोध) वेगळा असला तरी. ॲम्प्लिफायर लावायचा तर अँटेनाच्या बुडाशी. केबलनंतर लावला तर सिग्नलबरोबर खरखरही वाढते. शहरात मोबाइल टॉवरचे ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे सिग्नल डोंगलला बधिर करतात, म्हणून ॲम्प्लिफायरच्या आधी १०९०चा बँडपास फिल्टर (फक्त तेवढीच वारंवारता आत सोडणारी चाळणी) हवाच. गेन, म्हणजे डोंगलमध्ये सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण, पूर्ण चढवून ठेवण्याची चूक सगळेच करतात. लांबची विमानं दिसतात आणि डोक्यावरून जाणारं नाहीसं होतं, असं झालं की गेन जास्त झालाय हे ओळखा आणि एकेक पायरी उतरवा.

पुण्यात नैर्ऋत्येला सिंहगडाच्या रांगेची सावली पडणार, ती कुठल्याही ॲम्प्लिफायरने जाणार नाही. काही विमानं नुसतं मोड-एस उत्तर देतात, जागा सांगत नाहीत. त्यांची जागा काढायला निदान चार रिसीव्हरना तोच संदेश ऐकू यावा लागतो. वेळेतल्या फरकावरून छेदबिंदू काढतात. तिथे एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर, म्हणून रिसीव्हरचे अक्षांश-रेखांश अंदाजाने भरू नका.

दोन सूचना. वायरलेस यंत्र लावण्यापूर्वी दूरसंचार विभागाचे परवान्याचे नियम पाहून घ्या. आणि लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथलं नियंत्रणही हवाई दलाकडे असतं. लष्करी विमानांच्या हालचाली टिपून जगाला वाटत बसू नका.

‘गगन’मुळे आता रडार लागणार नाही, असं वाचलं. खरं का? — एक वाचिका, कोल्हापूर

नाही. ‘गगन’ विमानावर नजर ठेवत नाही. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही यंत्रणा जीपीएसमधली चूक देशभरच्या संदर्भ केंद्रांवर मोजते आणि दुरुस्ती जीसॅट उपग्रहांवरून विमानाला पाठवते. फायदा उतरताना. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर-७२ राजस्थानात किशनगढला ‘गगन’च्या आधाराने उतरलं. मात्र विमानाला स्वतःची जागा जितकी नेमकी कळेल, तितकं त्याचं एडीएस-बी वरचं सांगणं नेमकं होतं, एवढा संबंध आहे.

जीपीएस स्पूफिंगच्या बातम्या वाचतो. विमानच खोटी जागा सांगू लागलं, तर कंट्रोलरला कळतं का? — एक वाचक, नागपूर

बहुतेक वेळा कळतं, आणि ते रडार अजून मोडीत काढलेलं नाही म्हणून.

आधी दोन प्रकार वेगळे करू. जॅमिंगमध्ये जीपीएसचा दुबळा सिग्नल खरखरीत बुडतो. विमानाला जागाच सापडत नाही आणि ते तसं प्रामाणिकपणे सांगतं: एडीएस-बी संदेशात अचूकतेचा दर्जा दाखवणारे आकडे असतात, ते शून्यावर येतात. जमिनीवरचा संगणक असे संदेश टाकून देतो. स्पूफिंगमध्ये जमिनीवरून खोटे पण सुसंगत सिग्नल सोडलेले असतात. विमानाला फसल्याचं कळत नाही, अचूकतेचा दर्जा उत्तम दिसत राहतो, आणि जागा मात्र भलतीच. हा प्रकार जास्त वाईट.

मुंबई-दिल्लीसारख्या केंद्रांत एकाच विमानासाठी अनेक रडार आणि एडीएस-बी केंद्रांची माहिती एकत्र करून एक ट्रॅक काढतात. प्रायमरी आणि सेकंडरीने अंतर स्वतः मोजलेलं असतं, एडीएस-बी ने ते ऐकलेलं असतं. दोन्हींत ठरावीक मर्यादेपेक्षा फरक पडला की एडीएस-बी बाजूला ठेवलं जातं. रडार नसेल तिथेही एक तपासणी करता येते: संदेश दोन-तीन केंद्रांवर कोणत्या क्षणी पोहोचला, याचं गणित विमान सांगतंय त्या जागेशी जुळतं का?

कॉकपिटमध्ये लक्षणं वेगळी दिसतात. घड्याळ उडी मारतं, नकाशावर विमान बाजूला सरकतं, समुद्रावर असताना ‘पुल अप’चा (जमीन जवळ आली, वर खेचा) खोटा इशारा येतो. वैमानिक जीपीएसची जोड तोडून जडत्वावर चालणाऱ्या यंत्रणेवर येतो; ती तासाला मैल-दोन मैल सरकू शकते, म्हणून मध्येमध्ये डीएमई या जमिनीवरच्या, अंतर सांगणाऱ्या केंद्रांवरून ताडून पाहायचं. विमान रडारच्या टप्प्यात असेल तर तो कंट्रोलरकडे सरळ हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक कुठल्या अंशाकडे ठेवायचं ते, मागतो. दिल्लीच्या आसपास असे प्रकार घडल्यावर डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी घटना दहा मिनिटांच्या आत कळवण्याचा आदेश काढला.

सगळी रडार काढून एडीएस-बी वरच विसंबावं, स्वस्त पडेल, असा एक विचार मध्यंतरी जोरात होता. मोठ्या विमानतळांपुरता तरी तो आता मागे ठेवलेला बरा, असं आमचं मत आहे.

ट्रान्सपॉन्डर बंद पडला किंवा कुणी बंद केला, तर पुढे काय होतं? एमएच-३७० इतकं पूर्ण कसं हरवलं? — एक वाचक, दुबई

ट्रान्सपॉन्डर बिघडणं नवलाचं नाही. म्हणून प्रवासी विमानात दोन असतात. लेबल गळलं की कंट्रोलर वैमानिकाला कोड पुन्हा लावायला सांगतो, मग दुसरा ट्रान्सपॉन्डर सुरू करायला. तरीही उत्तर नाही, तर प्रायमरीचा ठिपका शोधायचा, वैमानिकाकडून जागा आणि उंची तोंडी घ्यायची, आसपासच्या विमानांना जास्तीचं अंतर द्यायचं आणि पुढच्या सेक्टरला (शेजारचा हवाई भाग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) फोन करायचा. एसीएएसलाही असं विमान दिसत नाही, हे ध्यानात ठेवून.

रेडिओही गप्प असेल, तर १२१.५ मेगाहर्ट्झवर हाक, जवळच्या दुसऱ्या विमानाला मध्यस्थी करायला सांगणं आणि हवाई दलाला कळवणं. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटं संपर्क झाला नाही की शोध आणि बचावाची पहिली, अनिश्चिततेची पायरी जाहीर होते.

८ मार्च २०१४च्या रात्री क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच-३७०, म्हणजे मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग ७७७, एका हद्दीतून दुसरीत जाताना, स्थानिक वेळेनुसार १:२१ला, सेकंडरीवरून नाहीसं झालं. मलेशियन आणि व्हिएतनामी नियंत्रकांमध्ये विमान कुणाकडे, ही विचारणाच उशिरा सुरू झाली. लष्करी प्रायमरी रडारने ते वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून जाताना २:२२पर्यंत टिपलं होतं, पण ही नोंद नंतर तपासली गेली. त्यानंतर उरली ती इन्मारसॅटच्या उपग्रहाशी होणारी स्वयंचलित जोडणी, शेवटची ८:१९ची. त्या संदेशांत जागा नव्हतीच. संदेशाला लागलेल्या वेळावरून विमान उपग्रहापासून किती दूर आणि वारंवारतेतल्या फरकावरून ते साधारण कुठल्या दिशेला गेलं, एवढंच काढता आलं, म्हणून नकाशावर बिंदू न येता कंस आले.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम बदलले. नोव्हेंबर २०१८पासून समुद्रावरच्या मोठ्या विमानांची जागा निदान दर १५ मिनिटांनी कळली पाहिजे, आणि ही जबाबदारी विमान कंपनीची आहे, कंट्रोलरची नव्हे. १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे २७ टनांवरची नवी विमानं संकटात सापडली की मिनिटाला एकदा स्वतःहून जागा पाठवतात, आणि ही यंत्रणा कॉकपिटमधून बंद करता येणार नाही अशी बसवलेली असते.

टॉवरवरून काचेतून सगळं दिसत असताना जमिनीवरच्या विमानांसाठी वेगळं रडार कशाला? — एक विद्यार्थी, पनवेल

रात्री, धुक्यात आणि जुलैच्या पावसात काचेतून काही दिसत नाही म्हणून. हे छोटं रडार मिनिटाला साठ फेऱ्या मारतं, म्हणजे दर सेकंदाला नवं चित्र. जोडीला धावपट्टीभोवती पेरलेले रिसीव्हर ट्रान्सपॉन्डरचा संदेश ऐकून वेळेच्या फरकावरून जागा काढतात. नुसत्या रडारला ठिपका दिसतो, नाव यांच्याकडून मिळतं. म्हणून आता वैमानिकाला गेटवरून मागे सरकतानाच ट्रान्सपॉन्डर चालू ठेवायला सांगतात. धावपट्टीवर जाणाऱ्या जीपवरही छोटा ट्रान्समीटर बसवतात. तो चार्ज करायचा राहिला, तर पडद्यावर बिननावाचा ठिपका फिरताना दिसतो, आणि ती जीप कुणाची हे वॉकीटॉकीवर विचारत बसावं लागतं.